डिंकाऐवजी स्क्रू तरी लावा!

युरोपीय महासंघाच्या २०२३च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. स्मार्टफोनला मात्र पळवाट ठेवली आहे: हजार वेळा चार्ज करूनही ८० टक्के क्षमता टिकली आणि फोन पाण्यात तगला, तर बॅटरी तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यायची. महागडे फोन यातून अलगद निसटणार! आपल्याकडे २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल आले. कंपन्यांवर सक्ती कसलीच नाही. फोनची बॅटरी बदलायची तर दुकानदार हीटगनने (गरम हवेच्या यंत्राने) मागची काच चिकटवलेला डिंक सैल करतो, पातळ पत्ती घालून काच उचकटतो आणि ‘तडकली तर जबाबदारी तुमची’ असे आधीच बजावतो. निदान डिंकाऐवजी स्क्रू वापरण्याची सक्ती केंद्राने करावी.

– एक वाचक, सांगली