लिहायला एक खुर्ची मिळेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लिहिणाऱ्यांसाठी सल्ला आला होता, नोकरी आणि घर सांभाळून लिहायचं असेल तर पहाटे चारला उठा, घर झोपलेलं असतं, ते दोन तास तुमचे. वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं साडेपाचला, त्याआधी पिंप धुऊन ठेवायचं, मग मुलाचा डबा, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तर त्यांना हात धरून बाथरूमपर्यंत न्यायचं, आणि साडेनऊला मी पतसंस्थेत काउंटरवर असते. रात्री झोपायला साडेअकरा. चारला उठायचं म्हणजे साडेचार तास झोप, आणि दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचेत. दोन महिने करून पाहिलं, डोकं दुखायचं आणि कॅश टॅली होईना, मग सोडलं.

सरकारचा 2024 चा टाइम यूज सर्व्हे आहे, त्यात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्या कामात जातात आणि पुरुषांची 88. म्हणजे जवळजवळ पाच तास, नोकरी असली तरी हे काही कुणी आपोआप कमी करत नाही. त्यामुळे वेळ काढा असं नुसतं बाईला सांगून भागत नाही, तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या वेळातून द्यावा लागतो. आमच्याकडे आता मंगळवार-शुक्रवार संध्याकाळचा स्वयंपाक मिस्टर करतात, भात-आमटी ते करतात, पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणतात. सुरुवातीला घरात बोलणी झाली, रुसवेफुगवेही झाले, पण सासूबाई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या, एके दिवशी माझी अर्धी कथा त्यांना वाचून दाखवली तर म्हणाल्या, पुढं काय झालं त्या पोरीचं? तेव्हापासून मंगळवारी त्याच म्हणतात, जा तू बस, कुकरच्या शिट्ट्या मी मोजते.

आता बसायचं कुठं? घरात टेबल एकच आणि मुलाची दहावी. ओट्यावर वही ठेवून लिहिते, कधी फोनवर बोलून टाइप करते आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवते, पण बेल वाजली की उठायचं मीच, गॅस सिलेंडरवाला, शेजारच्या काकू, मुलाचा चार्जर सापडत नाही. लिहिताना मधेच उठलं की वाक्य जातं ते जातंच. लोक मला बहिणाबाई चौधरींचं उदाहरण देतात, की त्या जात्यावर दळता दळता रचायच्या, मग तुला काय अडचण आहे. मला त्या फार जवळच्या आहेत म्हणूनच हे खटकतं. ओवी हात चालत असताना सुचू शकते, म्हणता येते, तीस पानांची कथा तशी होत नाही, ती बसूनच लिहावी लागते. आणि बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, सोपानदेव मुलगा कवी म्हणून गाणी उतरून घेतली गेली, त्या 1951 च्या डिसेंबरमध्ये गेल्या आणि पुस्तक आलं 1952 ला. ज्यांच्या घरात असं उतरून घेणारं कुणी नव्हतं त्यांचं किती गेलं असेल हा विचार मला झोपू देत नाही.

म्हणून मी वाचनालयात गेले. अभ्यासिकेत विचारलं तर म्हणाले ही स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी आहे, कुठला फॉर्म भरलाय? कुठलाच नाही म्हटलं, कथा लिहायचीय. त्यांना काय बोलावं कळेना, वाईट वागले असं अजिबात नाही, नियमात बसत नाही एवढंच म्हणाले. एमपीएससीच्या पोरांची जागा मला नकोच आहे, ती खेड्यातून येऊन डबा खाऊन रात्री दहापर्यंत बसतात, त्यांच्याकडे बघून जीव तुटतो. पण खाली पेपर वाचायचा मुक्तद्वार विभाग आहे, तिथं संध्याकाळी सातनंतर अख्खं टेबल रिकामं असतं, आणि तिथं मात्र वही घेऊन बसायला बंदी.

महाराष्ट्रात 1967 पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अ ब क ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ते किती अपुरं पडतं, कर्मचारी किती कमी पगारावर राबतात हे मला माहितीये, त्यामुळे नवी इमारत, नवी योजना असलं काही मागत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच टेबलाशी दोन-चार खुर्च्या लिहिणाऱ्यांसाठी ठेवा, बाई असो पुरुष असो, आमच्या स्टँडवर एक रिक्षावाले दादा कविता करतात, तेही येतील. महिन्याची फी सांगा, अभ्यासिकेएवढी द्यायला मी तयार आहे. तुमच्या वाचकांमध्ये ग्रंथालयांचे पदाधिकारी नक्की असतील, त्यांनी कार्यकारिणीच्या पुढच्या मीटिंगला हा विषय घ्यावा एवढी विनंती. मंगळवार आणि शुक्रवार, सात ते नऊ, मला जमतं.

आपली,
एक वाचक, जि. सांगली