बंद फाटक आणि उघड्या वेशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शांती हवी असेल तर ख्रिस्ती माणसाने शहरापासून दूर जावे, हा आपल्या कालच्या लेखाचा निष्कर्ष वाचून मन अस्वस्थ झाले. पापामुळे नाश पावलेल्या सदोम नगराचा दाखला देण्यापूर्वी लेखकाने बायबलमधील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय पाहायला हवा होता. गर्व, अन्नाची रेलचेल, निवांत सुख आणि तरीही गोरगरिबांना हात न देणे, हे सदोमाचे पाप तेथे स्पष्ट सांगितले आहे. बाबेलच्या बंदिवासातल्या यहुदी लोकांना तर यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहून, घरे बांधून राहा आणि त्या परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असे बजावले. पवित्र शास्त्राचा आरंभ बागेत होत असला तरी शेवट नगरात होतो, आणि त्या नगराच्या बारा वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत, असे प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात म्हटले आहे.

हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी पत्नी अतिदक्षता विभागात असताना, भेटीची वेळ संपल्यावर घटकाभर गुडघे टेकावेत म्हणून मी भर दुपारी जवळच्या चर्चकडे गेलो, तर फाटकाला साखळी गुंडाळून कुलूप लावलेले होते. ‘रविवारी उघडतं,’ असे रखवालदार म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची गजांवरून माझ्याकडे दिली, आणि मी पदपथावर, गाड्यांच्या भोंग्यांत बसून प्रार्थना केली. त्या दुपारी मला शहराने दूर लोटले नाही, आमच्याच कुलपाने लोटले. चोऱ्या होतात, हे मी जाणतो. पण दुपारी दोन तास कोणीतरी आळीपाळीने आत बसावे, एवढी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. शहरातल्या ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेविषयी लिहायचे, तर या कुलपाविषयी लिहायला हवे होते.

आणखी एक. रोमची लूट ४१० साली झाली आणि त्या धक्क्यानंतर ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ हा ग्रंथ ४१३ ते ४२६ या काळात लिहिला. आपल्या लेखात मात्र ते पंधराव्या शतकातले ठरले आहेत. शिवाय त्या ग्रंथातली त्यांची दोन नगरे म्हणजे शहर आणि खेडे नव्हेत. देवावर प्रेम करणारे आणि स्वतःवरच प्रेम करणारे अशा माणसांचे ते दोन समुदाय असून, अंतिम न्यायापर्यंत ते या जगात एकमेकांत मिसळलेलेच राहतात, असे ते सांगतात. निदान एवढी दुरुस्ती येत्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक