काका, तुम्ही मला पाण्यात थांबायला शिकवलंत

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

राजाराम तलावावरची पोहण्या-पळण्याची शर्यत संपली तेव्हा तुम्ही मला हाताला धरून सावलीत नेलंत, पाणी पाजलंत आणि गर्दी वाढल्यावर निघून गेलात. धड पाया पडायचंही राहून गेलं. म्हणून हे पत्र. मुद्दाम उघड लिहिते आहे, कारण चाळिशीच्या आसपास पाण्याची भीती मनात धरून बसलेल्या माझ्यासारख्या बायका घरोघरी आहेत. त्यांनाही तुम्ही कळायला हवेत. तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, तो तुम्हाला वाचून दाखवेल.

आपल्या कोल्हापुरात पोहता न येणं ही सांगायची गोष्ट नाही. पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पिढ्यान्‌पिढ्या पोरं तयार झाली. विरधवल खाडे याच मातीतला. 2010 च्या ग्वांगझू एशियाडमध्ये त्यानं 50 मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक आणलं, तेव्हा एशियाडच्या जलतरणात भारताला 24 वर्षांनी पदक दिसलं होतं. त्या दिवशी आमची गल्ली किती खूश होती! पण काका, माझ्या दोन्ही भावांना बाबांनी घाटावर नेलं ते पोहायला शिकवायला, आणि मला नेलं ते त्यांचे कपडे सांभाळायला. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरीनं नदीवर ओल्या कपड्यांत कसं बाहेर यायचं, एवढाच विचार. पुढं शाळा, नोकरी, लग्न, मुलं. पळायला मात्र मी लागले होते, कारण पळायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्याकडं पोहायला शिकायला आले तेव्हा ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. काय करायचंय ते विचारलंत. आधी पोहायचं आणि तसंच ओल्या अंगानं पळायचं, अशा शर्यतीत उतरायचंय, असं मी सांगितलं. तुम्ही फक्त म्हणालात, “मग आधी आडवी व्हायला शीक.” बाकीचे मास्तर पहिल्या दिवशी कठड्याला धरून पाय मारायला लावतात. तुम्ही मला उताणं तरंगायला लावलंत. माझ्या मानेखाली तुमचा एक तळवा होता. कान पाण्यात गेले की बाहेरचा आवाज बंद होतो आणि आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागतो. त्यानं मी घाबरून मान ताठ करायची आणि कंबर खाली जायची. तुम्ही दरवेळी तेच सांगायचात: “मान सोड. आभाळाकडं बघ. घाई कशाला करतीस, पाणी कुठं पळून जातंय?” मग एकदा तो तळवा तिथं नव्हता आणि मला ते बऱ्याच वेळानं कळलं.

श्वासाचंही तसंच. मला वाटायचं, माझा दम कमी पडतो. तुम्ही दाखवलंत की दम कमी नाही, मी आतली हवा बाहेरच सोडत नाही. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे मान वळवली की हवा आपोआप आत येते. पोहायला शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, इतकं ते मोलाचं आहे.

तलावात पहिल्यांदा नेलंत त्या सकाळी काकू थर्मास आणि टॉवेल घेऊन काठावर बसल्या होत्या. त्या का आल्या होत्या, हे मला न सांगता कळलं. पाण्यातून बाहेर पडताना अंगावर टॉवेल टाकणारी एक बाई समोर असणं म्हणजे काय, हे पुरुषांना समजावून सांगता येणार नाही. काकूंनाही माझा नमस्कार सांगा. या पत्रातला अर्धा वाटा त्यांचा आहे.

पोहण्याच्या टाकीत तळाला काळी पट्टी असते, 25 मीटरवर भिंत असते. तलावात खाली फक्त हिरवट अंधार. दर सहा-आठ वेळा हात मारले की डोळे पाण्याच्या वर काढायचे, हे तुम्ही शिकवलंत. शिवाय बोयाकडं, म्हणजे वाट दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणेकडं, न बघता त्याच्या मागचं उंच झाड धरायचं, कारण लाटेत बोया दिसेनासा होतो, झाड होत नाही. आणि एकट्यानं तलावात उतरायचं नाही, हा तुमचा नियम. कितीही चांगला पोहणारा असो, तुम्ही कुणालाच सोडलं नाहीत. नंतर मी स्वीडनमधल्या शर्यतीविषयी वाचलं. स्टॉकहोमजवळच्या बेटांवर 2006 साली ती पहिल्यांदा झाली. 75 किलोमीटर, एका बेटावर पळायचं, पुढच्या बेटापर्यंत पोहायचं, बूट घालूनच. तिथं दोघांच्या जोडीनंच उतरावं लागतं आणि जोडीदाराला मागं टाकून जाता येत नाही. वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू येत होता.

शर्यतीच्या दिवशीचं तुम्ही काठावरून पाहिलंत, पण आत काय झालं ते आज सांगते. 750 मीटरच तर पोहायचं होतं, तेवढं मी टाकीत आरामात पोहत होते. भोंगा वाजला आणि चहूबाजूंनी हातपाय सुरू झाले. कुणाची तरी टाच चष्म्यावर बसली, एका डोळ्यात पाणी शिरलं, श्वास वर चढला आणि छाती आवळल्यासारखी झाली. झाड दिसेना. मी बाजूला सरकले आणि उताणी झाले. कान पाण्यात गेले, गलका थांबला, डोक्यावर आभाळ आलं. मान सोडली. मग हात वर केला. कयाकमधला, म्हणजे मदतीच्या छोट्या होडीतला मुलगा आला आणि म्हणाला, “ताई, टोकाला धरा, काही घाई नाही.” कयाकला धरून विसावा घेता येतो, तिच्या आधारानं पुढं सरकायचं नाही, हा नियम तुम्ही आधीच सांगून ठेवला होतात, म्हणून मन शांत होतं. चष्म्यातलं पाणी काढलं, दहा-बारा श्वास सावकाश सोडले, झाड शोधलं आणि ब्रेस्टस्ट्रोकनं पुन्हा निघाले. दुसऱ्या बोयानंतर फ्रीस्टाइल आपोआप जमून आली. ज्या बाईला फक्त हात मारायला शिकवलं असतं, ती त्या क्षणी काठाकडं परतली असती. काका, मी परतले नाही, ते तुम्ही मला पाण्यात थांबायला शिकवलंत म्हणून.

बाहेर येताना काय होतं, तेही तुम्ही अगोदर सांगितलं होतंत. इतका वेळ शरीर आडवं, सगळं काम हातांचं. एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून शेवटच्या पन्नासेक मीटरमध्ये पाय जोरात मारायचे, म्हणजे ते जागे होतात. मी मारले. तरी उतारावर पाऊल ठेवताना जमीन हलत होती, आणि तुमचा आवाज आला, “पळू नकोस, चाल!” शेजारचे पळत होते. मी चालले. टोपी, चष्मा काढला, आत पावडर टाकून ठेवलेले मोजे ओल्या पायांवर सरसर चढले, इलॅस्टिकच्या नाड्यांचे बूट अडकवले आणि निघाले.

पळण्याबद्दल फारसं लिहीत नाही, ते माझं ओळखीचं काम. पहिला किलोमीटर पाय जड होते, नंतर मोकळे झाले. पाचव्या किलोमीटरला माझ्या मोठ्या भावानं रस्त्याच्या कडेनं हाक मारली. लहानपणी ज्याचे कपडे मी सांभाळले, त्याच्या हातात त्या दिवशी माझी पिशवी होती. घरी आल्यावर बाबांनी तलाव किती खोल आहे एवढंच विचारलं, आणि मग बराच वेळ माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तुम्ही फी घेतली नाहीत. शाल-श्रीफळ आणलं तर रागावाल, हेही ठाऊक आहे. म्हणून एक काम घेऊन येते. माझी जाऊ आणि तिची नववीतली मुलगी दोघींना शिकायचंय. जाऊबाई पाण्याला फार भितात, मुलगी अजिबात भीत नाही, आणि मला काळजी मुलीचीच जास्त वाटते. दिवाळीनंतर दोघींना घेऊन येते. दोघींनाही आधी उताणं तरंगायला लावा. काकूंसोबत काठावर टॉवेल घेऊन मी बसेन.

तब्येतीला जपा. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

आपली,
तुमची विद्यार्थिनी