लोकांना चालेल का?

डे मॉइन, आयोवा
4 मार्च 2020

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पीट बुटिजेजनं डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून रविवारी माघार घेतली आणि तासाभरात तुझा मेसेज आला. "नोव्हेंबरपासून सांगत होतो तुला." खरंय, सांगत होतास, हा चालणार नाही म्हणून. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण बोललो असतो ते रागात बोललो असतो. काल चौदा राज्यांत त्याच उमेदवारीसाठी मतदान झालं, बायडननी त्यातली बहुतेक मारली. आता शांतपणे लिहितो.

तुझं पहिलं वाक्य मला पाठ आहे. "अरे, उद्या साताऱ्याचा नगराध्यक्ष पंतप्रधान व्हायला निघाला, तर तू मत देशील का?" साउथ बेंडची वस्ती लाखभर, म्हणजे आपल्या साताऱ्याहूनही कमीच. त्या गावाचा दोन वेळचा महापौर, वय 38, नगरपालिकेच्या वर कुठली निवडणूक जिंकलेली नाही. 2010 साली राज्याच्या खजिनदारपदाला उभा राहिला तो सपाटून पडला. त्यात समलिंगी, नवऱ्यासह प्रचार करणारा. तू म्हणालास, याच्यात इलेक्टिव्ह मेरिट नाही. आणि वर दाखला दिलास तो जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या पावसाचा. ऐंशीला टेकलेला माणूस भिजत उभा राहिला आणि निवडणूक फिरली, तू तिथं होतास, तुझा शर्ट ओला झाला होता. मान्य. पण तोच माणूस 1978 साली मुख्यमंत्री झाला तेव्हा 37 वर्षांचा होता, हे त्या दिवशी आपण दोघंही विसरलो.

वयाचा मुद्दा मला कधीच पटला नाही. इथली घटना 35 पूर्ण मागते, त्याहून जास्त काही नाही. 1960 मध्ये खुद्द माजी अध्यक्ष ट्रुमननी अध्यक्षपदाला निघालेल्या केनेडींना जाहीर विचारलं होतं की तुम्ही देशासाठी तयार आहात का, की अजून थांबावं? केनेडी तेव्हा 43 वर्षांचे. त्यांनी उत्तर दिलं की चव्वेचाळिशीच्या आतल्यांना बाहेर ठेवायचं ठरवलं असतं, तर जेफर्सनच्या हातून स्वातंत्र्याचा जाहीरनामासुद्धा लिहून झाला नसता. जेफर्सन तेव्हा 33 चा होता. त्याच वर्षी दुसरी शंका होती ती केनेडींच्या कॅथलिक असण्याची. ते वेस्ट व्हर्जिनियात गेले, जिथं जवळपास सगळे प्रॉटेस्टंट, आणि तिथली प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, जिंकून आले. त्या दिवसापर्यंत ते 'न चालणारे' होते, दुसऱ्या दिवशी चालायला लागले. ओबामांचंही तेच. दक्षिण कॅरोलायनातले कितीतरी कृष्णवर्णीय मतदार 2007 मध्ये हिलरींकडे होते, कारण गोरे लोक याला मत देणार नाहीत अशी त्यांची खात्री. मग 3 जानेवारी 2008 ला आमच्या या नव्वद टक्के गोऱ्या आयोवानं ओबामांना पहिलं आणलं आणि तिकडची हवा फिरली.

आता 3 फेब्रुवारीची रात्र सांगतो. ती फोनवर कधी नीट सांगितलीच नाही.

नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरचं माझं हे पहिलं कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची मतदारांची बैठक. शाळेचं जिम, खाली बास्केटबॉलच्या रेघा, बाहेर बर्फ. सात वाजता दारं बंद. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, आणि मोजणी डोक्यांची. गुप्त मतदान नाहीच, शेजारपाजारच्यांना सगळं दिसतं. एकूण माणसांच्या 15 टक्के ज्या कोपऱ्यात जमले नाहीत तो कोपरा बाद, मग तिथल्यांनी दुसरीकडे जायचं. आम्ही 312 होतो, म्हणजे किमान 47 हवेत. बायडनच्या कोपऱ्यात 41 निघाले.

त्या 41 मध्ये आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. आमची मुलगी लहान असताना त्यांच्याकडे वाचायला जायची. मी त्यांच्याजवळ गेलो. त्या म्हणाल्या, "मुलगा मला फार आवडतो, या सगळ्यांत जास्त आवडतो. पण माझ्या भावाला नाही चालणार. तो पेनसिल्व्हेनियात असतो आणि निवडणूक तिथं ठरते." मी म्हटलं, "त्याला विचारलंत का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं नव्हतं. हातातलं पसंती लिहायचं कार्ड उलटं करून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मागच्या बाजूला सावकाश, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात पीटचं नाव लिहिलं आणि आमच्या कोपऱ्यात आल्या.

मला त्या क्षणी काय आठवलं असेल? आपल्याकडची लग्नाची बोलणी. "आम्हाला काही नाही हो, पण लोक काय म्हणतील?" सगळं घर मनातून तयार असतं आणि सगळं घर शेजारच्यांच्या नावानं नाही म्हणतं. त्या जिममध्ये हे वाक्य मी त्या रात्री चार-पाच जणांच्या तोंडून ऐकलं. मला चालेल, लोकांना चालणार नाही. हे लोक म्हणजे कोण, तर दुसऱ्या राज्यातला भाऊ, नाहीतर चर्चमधली मैत्रीण, ज्यांना कुणी विचारलेलंच नाही. माझा राग आहे तो यावर. आपलं मत आपण न दिसणाऱ्या माणसाच्या हवाली करतो आणि त्याला शहाणपण म्हणतो.

भीती अगदीच खोटी होती असं नाही. त्याच रात्री क्रेस्को गावात एका बाईंना पीटचा जोडीदार पुरुष आहे हे कळलं आणि त्या दिलेलं कार्ड परत मागू लागल्या, तो व्हिडिओ तूही पाहिला असशील. पण तरी तो आयोवात पुढे निघाला. निकालाचं अॅप बिघडलं, सगळा घोळ झाला, डोकी मोजली तर दुसरे उमेदवार बर्नी सँडर्स वरचढ होते, तरी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मोजताना पीटचे 14 आणि सँडर्सचे 12. आठवड्यानं न्यू हॅम्पशरमध्येही थोडक्यात दुसरा. ज्याला कुणी मत देणार नव्हतं, त्याला एवढ्यांनी दिलं.

मग दक्षिण कॅरोलायना. इथं मात्र तुझं म्हणणं मला मान्य करावं लागतं, फक्त तुझ्या कारणानं नव्हे. तिथं तो आठ टक्क्यांवर, चौथा. तिथल्या प्राथमिक निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यात त्याला जवळजवळ काहीच मिळालं नाही. ते त्याचं वय बघत नव्हते, त्याचं काम बघत होते. साउथ बेंडमध्ये महापौर झाल्यावर त्यानं गावच्या पहिल्या कृष्णवर्णीय पोलीसप्रमुखाला पदावरून खाली आणलं होतं. हजार दिवसांत हजार पडीक घरांचा निकाल लावला, पण ती घरं बहुतेक गरीब वस्त्यांतली, आणि बुलडोझर कुणाच्या दारात आला हे तिथले लोक विसरले नाहीत. गेल्या जूनमध्ये एका गोऱ्या पोलिसानं कृष्णवर्णीय माणसाला गोळी घातली, कॅमेरा बंद होता. पोलीस दलात कृष्णवर्णीय इतके कमी का, असं वादसभेत विचारलं तेव्हा पीट म्हणाला की मला ते जमलं नाही. प्रामाणिक उत्तर होतं, मला आवडलं. पण ज्यांची मुलं त्या रस्त्यावरून घरी येतात, त्यांनी त्या उत्तरावर मत का द्यावं?

आणि त्यांची सावधगिरी मी 'लोक काय म्हणतील' मध्ये टाकणार नाही. हरलो तर त्याची झळ आधी आपल्यालाच बसते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बायडनना ते ओळखतात. पीट त्यांच्याकडे गेला तो अध्यक्ष व्हायचं ठरल्यावर गेला. माझ्या मते तो तिथं पडला. आयोवात तो गावोगाव फिरला, लोकांच्या स्वयंपाकघरात बसला, आणि इथं तो चालला.

आमच्या गल्लीतल्या त्या शिक्षिकाबाईंनी नंतर भावाला फोन केला. तो म्हणाला, "पोरगा बोलतो चांगला, पण केलंय काय त्यानं?" नवऱ्याबद्दल एक शब्द नाही.

हे सगळं एवढं लांबण लावून लिहिलं, कारण तुझ्या पुतण्याला पुढच्या वर्षी नगरपालिकेला उभं राहायचंय आणि तू त्याला दहा वर्षं थांब म्हणालास, असं वहिनींनी सांगितलं. नको थांबवूस त्याला. 29 चा आहे म्हणून कुणी त्याला नाकारणार नाही. पण वॉर्डातल्या ज्या गल्लीत तो आजवर कधी चहा प्यायलेला नाही, तिथं त्यानं या उन्हाळ्यातच जायला हवं, तिकिटाचं नाव न काढता. कुठल्या गल्ल्या ते तुलाच माहीत, तू घेऊन जा त्याला.

आणि त्याला फोन करायला सांग. रविवारी तुमच्याकडे सकाळी नऊला केला तर इथं शनिवारची रात्र असते, मी जागा असतो. वहिनींना नमस्कार. आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच