मेक्सिकोला गेलेले खेळाडू

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, अंगात गुण असला की माणसाला कुणी अडवू शकत नाही. मला हे पटत नाही. फोनवर नीट मांडता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

विली वेल्स हा टेक्सासमधल्या ऑस्टिनचा बेसबॉलपटू, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. एकदा डोक्याला चेंडू लागला, तर पठ्ठ्या कामगारांचं हेल्मेट चढवून फलंदाजीला उतरला. असा माणूस अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, एकही सामना खेळला नाही, कारण तो काळा होता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांनी आपसांत ठरवलेलं होतं आणि १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मैदानात उतरेपर्यंत ते साठएक वर्षं टिकलं.

काळ्या खेळाडूंसाठी निग्रो लीग वेगळ्या होत्या. दक्षिणेकडच्या दौऱ्यावर हॉटेलात खोली मिळायची नाही, मग झोप बसमध्येच. खानावळीच्या मागच्या दाराने पुडकं घ्यायचं आणि तेही बसमध्येच खायचं. कितीतरी पंपांवर पेट्रोलचे पैसे घ्यायचे, पण संडासाला जाऊ द्यायचे नाहीत. आणि एवढं सोसून दुपारी मैदानावर उभं राहायचं.

१९४० च्या सुमारास होर्हे पास्केल या मेक्सिकन धनाढ्याने या खेळाडूंना भरघोस पगार देऊ केले. जॉश गिब्सन, कूल पापा बेल, रे डँड्रिज, माँटी अर्विन असे एकेक जण तिकडे गेले. तिकडेच खेळणाऱ्या वेल्सने १९४४ मध्ये एका पत्रकाराला सांगितलं की अमेरिकेत मी काय करायचं, कुठे खेळायचं हे माझा रंग ठरवतो, इथे मी माणूस आहे. पैसा होताच, पण माझ्या मते त्यांना ओढून नेलं ते पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येण्याने.

मेक्सिको स्वर्ग होता असं मात्र समजू नकोस. तिथल्या आदिवासींना विचारलं असतं तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं. पाहुण्या खेळाडूला डोक्यावर घेणं सोपं असतं. आपल्या बाळू पालवणकरांचं, त्या दलित क्रिकेटपटूचं बघ ना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर बळी घेतले, पण त्याच माणसाला पुण्यात पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या कुल्हडात चहा मिळायचा.

डँड्रिजचं तर मला फार वाईट वाटतं. मेक्सिकोत उमेदीची वर्षं घालवून तो परतला, १९४९ पासून मिनिआपोलिसच्या दुय्यम संघात खेळला आणि १९५० मध्ये त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रॉबिन्सनला येऊन तीन वर्षं झाली होती, दार उघडलेलं होतं, तरी वरच्या संघाने त्याला बोलावलंच नाही. १९८७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत घेतलं, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता.

गिब्सन मेक्सिकोला गेला तर अमेरिकेतल्या त्याच्या संघमालकाने १०,००० डॉलरचा दावा ठोकला. ज्या देशाच्या मोठ्या लीगमध्ये जागा नाही, तिथून बाहेर पडायलाही मोकळीक नाही! तो परतला आणि जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी वारला. २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या नोंदीत धरले गेले आणि फलंदाजीच्या सरासरीत तो टाय कॉब या जुन्या गोऱ्या विक्रमवीराच्याही वर, पहिल्या नंबरावर आला. तो तक्ता तू जरूर बघ. त्यात १९४१ साल रिकामं दिसेल. त्या वर्षी तो मेक्सिकोतल्या वेराक्रूझ संघाकडून खेळत होता आणि त्याने ३३ होम रन मारले होते.

यावर तुझं काय म्हणणं आहे ते सविस्तर कळव, फोनवर नको. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद