काटा अर्ध्यावर का येत नाही

मुलुंड, रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईने मला दोनदा वाचून दाखवला. ‘बाबा, गाडी माझ्या हातून गेली. विकून टाका, खर्च मी भरते.’ उत्तर द्यायला फोन घेतला, पण अंगठ्याने एवढं टाइप करायचं म्हणजे सकाळची संध्याकाळ होईल. म्हणून हे पत्र.

आधी निकाल सांगून टाकतो. आपली मारुती 800 तुझ्या हातून गेलेली नाही. दोन वर्षं ती माझ्या हातून जात होती, आणि नेमकी त्या दिवशी सायन सर्कलला तू स्टिअरिंगवर होतीस. आत्याला परळला सोडायला माझ्याऐवजी तू गेलीस, एवढाच तुझा गुन्हा.

उलट तू वागलीस अगदी बरोबर. तापमानाचा काटा लाल रेघेजवळ दिसताच एसी बंद केलास, गाडी कडेला घेतलीस, इंजिन बंद केलंस, वाफ थांबेपर्यंत रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, झाकणाला हात लावला नाहीस. आत्या सांगत होती, कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन ‘मॅडम, इंजिनवर ओततो, लगेच थंड होईल’ म्हणत आला, तर तू त्याच्यावर खेकसलीस. बरं केलंस. 800चं हेड, म्हणजे इंजिनचा सिलिंडरांवरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर ते वाकतं किंवा तडकतं, आणि मग गॅरेजवाला म्हणाला तो 22 हजारांचा खर्च खरोखरच आला असता. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर काय होतं ते मी बॉयलरहाऊसमध्ये वेगळ्या रूपात पाहिलंय. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं असतं. दाब सुटला की त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

आता त्या गॅरेजबद्दल. टोचन लावून गाडी तिथे नेली तेव्हा त्यांनी बोनेट उघडलं, पाणी कमी आहे बघितलं आणि ‘हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल’ म्हणून सांगून टाकलं. गॅस्केट म्हणजे हेड आणि इंजिन यांच्या मधला पातळ पत्रा. गाडी कधी तापते, हे तुला कोणी विचारलं का? सिग्नलला उभी असताना, चढावर, की हायवेवर पळताना? नाही ना? तापलेल्या गाडीला पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो. ताप आलेल्या पोराला डॉक्टर विचारतात तसा, की संध्याकाळी चढतो का दिवसभर असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, मी झाकण उघडलं. पाणी दीड लिटरभर कमी, आणि होतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळं, पण पाणी मिसळलं की होतं तसं दुधाळ नाही. ऑइल भरतो त्या बुचाच्या आतही साय धरलेली नाही. मग झाकण उघडंच ठेवून स्टार्टर मारला. गॅस्केट फुटलेलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि बुडबुडे थांबतच नाहीत. तसं काही नव्हतं. तरी मनाची खात्री म्हणून आपल्या भांडुपच्या मेकॅनिकला बोलावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, तपासून घेतलं. तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे. म्हणजे हेड सुखरूप.

मग पाणी भरून गाडी खाली जागेवरच चालू ठेवली. वीस मिनिटांत काटा चढला, चढतच राहिला, आणि पंखा ढिम्म. पाणी तापलं की पंखा लावणाऱ्या थर्मो स्विचची पिन काढून वायरीच्या तुकड्याने जोडून दिली, तर पंखा गरगरायला लागला. म्हणजे मोटर ठीक, फ्यूज ठीक, स्विच मेलेला. सायनला तू उभी होतीस, पुढून वारा नाही, पंखा फिरत नाही, मग गाडी तापेल नाही तर काय करेल? पद्मिनीच्या टॅक्सीत पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू तोवर पंखा चालू, पण ट्रॅफिकमध्ये इंजिनासारखाच मंद. म्हणून मे महिन्यात खंडाळ्याला बोनेट उघडून उभ्या काळ्यापिवळ्यांची रांग दिसायची. आपल्या गाडीत पंखा विजेवर. फिरला तर जोरात, नाही तर नाहीच.

नवा स्विच काही शेकड्यांत आला. मी इतका खूश झालो की आईला म्हटलं, चल, घोडबंदरला चक्कर मारू. ठाण्यापर्यंत सगळं झकास. गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये साठच्या वेगाने जात होतो आणि काटा पुन्हा हळूच वर. आई काही बोलली नाही, नुसती काट्याकडे बघत बसली. ते जास्त झोंबतं.

आता विचार कर. वेगात असताना समोरून वारा भरपूर येतो, पंख्याची गरजच नसते. तरी तापते, म्हणजे पाण्यातली उष्णता वाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पाण्याचा पंप फिरत नसेल, किंवा रेडिएटर तुंबलेला असेल. पंपाचा पट्टा पाहिला, ताण बरोबर. मग घरी येऊन इंजिन बंद केलं, पंख्याची पिन काढली (तो विजेवरचा, इंजिन बंद असलं तरी अचानक सुरू होऊन बोटं नेतो, हे लक्षात ठेव) आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. वरचा भाग भाजत होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात वहीच्या पानाएवढा पट्टा गार. तिथून पाणी जातच नव्हतं.

रेडिएटर काढून कुर्ल्याला सीएसटी रोडला नेला. तिथले चाचा चाळीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी गॅसच्या ज्योतीने पितळी टाकीची झाळ सोडवली आणि टाकी वेगळी केली. आत नळ्यांच्या तोंडांची ओळ दिसली, आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तोंडांवर पांढरट तांबूस खडा बसलेला. नखाने खरवडला तर निघेना. चाचांनी पातळ पोलादी पट्टी एकेका नळीत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढली. प्रत्येक वेळी तपकिरी गाळाची बारीक वळकटी बाहेर यायची, शेवयांच्या साच्यातून येते तशी. शंभरावर नळ्या. मी शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक नळी मोजली. मधे चाचांनी वर बघून विचारलं, ‘साब, पानी कौनसा डालते थे?’

सोनू, मी तीस वर्षं कंपनीत बॉयलर सांभाळला. फर्स्ट क्लास अटेंडंटचं सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा कठीणपणा रोज सकाळी तपासायचो. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर जरा नादुरुस्त झाला की सुपरवायझरशी भांडायचो, कारण कठीण पाणी तापलं की त्यातले क्षार भांड्याला चिकटतात आणि खाली आग असूनही पाण्याला उष्णता पोचत नाही. आणि हाच मी दोन वर्षं पार्किंगमधल्या नळाचं पाणी आपल्या गाडीत ओतत होतो! वर घरात येतं ते तानसा-वैतरणेचं, बऱ्यापैकी मऊ. पार्किंगचा नळ आहे बोअरवेलचा. गाड्या धुवायला दिलेला. कूलंटचा डबा आणायचा म्हणजे स्टेशनपर्यंत जायला लागतं, आणि म्हटलं, जुनी गाडी, तिला कुठलं कूलंट. चाचांना मी काय सांगितलं? ‘कुछ भी डालता था.’ चाचा हसले नाहीत, पुढच्या नळीत पट्टी घातली.

पाणी कमी का होत होतं, त्याचंही उत्तर मिळालं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते, आईला विचार. झाकणाने दाब धरला तर पाणी शंभराच्या बऱ्याच वर जाऊनही उकळत नाही. दाब धरला नाही तर शंभरालाच उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून बाहेर सांडतं. झाकणावर 0.9 लिहिलेलं असतं, तो तो दाब. बदलताना तोच आकडा पाहून घेतला. सगळ्यात स्वस्त वस्तू होती ती.

आता माझी खरी कबुली. तू शिकत होतीस तेव्हा, नाहूरच्या पुलावर, तू विचारलं होतंस, ‘बाबा, काटा अर्ध्यावर का येत नाही? मैत्रिणीच्या गाडीत येतो.’ मी म्हटलं, आपली गाडी थंड डोक्याची आहे. तू हसलीस. मला उत्तर माहीत होतं. 2009च्या उन्हाळ्यात एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकला होता. ‘मुंबईत कशाला पाहिजे, थंड प्रदेशातलं लफडं,’ म्हणाला आणि मी मान डोलावली. त्यामुळे इंजिन सोळा वर्षं कधी नीट तापलंच नाही. पेट्रोल जास्त खाल्लं, आणि काटा एवढा खाली असायचा की रेडिएटर हळूहळू तुंबतोय याची वर्दी मला मिळालीच नाही. थंड काट्याने मला फसवलं म्हणतो, पण ते फसवून घेणं सोयीचं होतं.

नवा थर्मोस्टॅट आणला. बसवायच्या आधी दोऱ्याला टांगून चहाच्या पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. त्यावर 82 कोरलेलं आहे. ऐंशीपर्यंत काहीच नाही. ब्याऐंशी-त्र्याऐंशीला मधली चकती केसभर उचलली गेली, मग आणखी, नव्वदच्या पुढे चांगली पेनाच्या टोपणाएवढी. आत मेणाची गोळी असते. ती वितळली की फुगते आणि दांडी ढकलते. वीज नाही, काही नाही. साठीनंतर माणसाने इतकं आनंदित होऊ नये, पण मी गॅस बंद करून ते बंद होतानाही पाहिलं, आणि पुन्हा गॅस लावला.

पाणी भरताना बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं निम्मं. गाडीचं नाक चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून चालू केली. बुडबुडे येत येत थांबले, पातळी खाली गेली तेवढी भरली, पंखा एकदा फिरून बंद झाला, मग झाकण लावलं. हवा अडकून राहिली तर सगळं करून पुन्हा तापते. हीटरचं आणखी एक लक्षात ठेव. कधी जॅममध्ये काटा चढू लागला तर एसी बंद, खिडक्या खाली आणि हीटर पूर्ण. तोही एक छोटा रेडिएटरच. मे महिन्यात घाम निथळेल, पण इंजिन वाचेल. काटा वर आणि बॅटरीचा लाल दिवाही लागला तर पंपाचा पट्टा तुटलाय, तिथेच थांब. आणि वाफ येतेय पण काटा एकदम खाली पडला, तर सुटकेचा श्वास सोडू नकोस. सेन्सरजवळ पाणीच उरलेलं नाही, म्हणून तो खाली आलाय.

खर्च तू भरायचा नाहीस. सगळं मिळून त्या गॅरेजच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शातही गेलं नाही. विकायचंही बोलू नकोस, 2028पर्यंत पासिंग आहे तिचं.

काल संध्याकाळी पाचला, मुद्दाम गर्दीच्या वेळी, सायनला नेऊन आणली. तुझ्या त्याच सिग्नलला अकरा मिनिटं उभा होतो. पंखा तीनदा लागला, तीनदा बंद झाला. काटा अर्ध्याच्या किंचित खाली येऊन थांबला आणि तिथून हलला नाही.

तुझा,
बाबा

ता. क. पुढच्या शनिवारी येताना पुण्याहून एक चहाचं पातेलं आण. आईने जुनं माझ्यासमोर भंगारवाल्याला दिलं.