हात आपणहून जातो त्या कॉर्ड्स

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गिटार मांडीवर घेतली की हात सरळ जी मेजर या कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर) पडतो, तिथून ई मायनर, सी, डी, आणि कुठलंही गाणं बसवायला घेतलं तरी त्याला तोच रंग चढतो, ही तुझी तक्रार. वहिनींच्या यमनमधल्या भावगीताला साथ करताना काहीतरी खटकतं, हा दुसरा प्रश्न. दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉर्ड लिहिताना सहा आकडे देतोय. डावीकडून जाड सहावी तार, शेवटी बारीक पहिली. आकडा म्हणजे फ्रेट (गळ्यावरची धातूची आडवी पट्टी), ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे ती तार वाजवायची नाही.

हात जी मेजरवर जातो यात आळस वगैरे काही नाही. गिटारचं ट्यूनिंगच तिकडे झुकलेलं आहे. ई, ए, डी, जी, बी, ई यातल्या मधल्या तीन तारा मोकळ्या वाजवून बघ. डी, जी, बी, म्हणजे एकही बोट न ठेवता अख्खी जी मेजर. त्यात भर म्हणजे बऱ्याच जणांचा हात ज्या पद्धतीवर बसतो ती:

जी: ३२००३३
सी ॲड नाइन: ×३२०३३
ई मायनर सेव्हन: ०२२०३३
डी सस फोर: ××०२३३
ए सेव्हन सस फोर: ×०२२३३

शेवटचे दोन आकडे बघ. पाचही ठिकाणी ३३. अनामिका दुसऱ्या तारेवर, करंगळी पहिलीवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला, आणि त्या तिथून हलतच नाहीत. खाली तर्जनी आणि मधलं बोट तेवढं जागा बदलतं. कॉर्ड बदलायला मेहनत नाही, तार बंद पडायची भीती नाही, मोकळ्या तारा घुमत राहतात. हाताला हे आवडणारच. पण कानाकडून बघ: सगळ्यात वरचे दोन सूर, जे ऐकणाऱ्याला आधी ऐकू येतात, ते प्रत्येक कॉर्डमध्ये डी आणि जी हेच. खालचा खर्ज बदलतो, वरची ओळ दगडासारखी स्थिर. तुझी सगळी गाणी सारखी वाटतात ती यामुळे. कॉर्ड्स चारच आहेत ही अडचण नाही, वरचे सूर दोनच आहेत ही आहे.

म्हणून पहिला उपाय नव्या कॉर्ड्स पाठ करण्याचा नाही. त्याच चार कॉर्ड्स दुसऱ्या बोटांनी धर. जी मेजर ३२०००३ अशी, सहाव्या तारेवर अनामिका, पाचवीवर मधलं बोट, पहिलीवर करंगळी. आता साध्या सी कडे (×३२०१०) जाताना अनामिका आणि मधलं बोट ही जोडी तशीच्या तशी एक तार खाली सरकते, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर येते, करंगळी सुटते. आणि वर काय झालं? जी होता तिथे ई आला. एवढ्यानं गाणं उघडल्यासारखं वाटतं. सी वरून ए मायनरला (×०२२१०) तर फक्त अनामिका उचलायची आणि तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायची, बाकी दोन बोटं जागची हलवायची नाहीत. बरेच जण इथे सगळा हात उचलतात आणि मग ताल चुकतो.

दुसरा उपाय खर्जाचा. जी वरून थेट ई मायनरवर उडी मारण्याऐवजी मध्ये डी घे, पण तिच्या पोटात एफ शार्प ठेवून: २×०२३२. सहावी तार अंगठ्यानं वरून दाबायची. अंगठा पोचत नसेल तर २×०२३× धर: मधलं बोट सहावीवर, तर्जनी तिसरीवर, अनामिका दुसरीवर, पहिली तार सोडून दे. पाचवी तार मधल्या बोटाच्या पोटानं आपोआप बंद होते. जी, एफ शार्प, ई असा खर्ज पायरीपायरीनं उतरतो. तसंच सी वरून ए मायनरकडे जाताना मध्ये ×२००३३. कॉर्ड्स त्याच, पण आता त्या एकामागून एक निघतात.

एफचं म्हणशील तर तिच्यापासून सगळेच पळतात. तिला सुटका म्हणून एफ मेजर सेव्हन (××३२१०) घेतात, आणि ए मायनर किंवा सीच्या शेजारी ती सुंदरच लागते. मात्र गाण्याचा सूर एफवर थांबला असेल तर वरच्या मोकळ्या ईशी तो घासतो, तिथे खरी एफच हवी: १३३२११. यात तर्जनीनं सहाच्या सहा तारा दाबायच्या नसतात. पाचवी, चौथी, तिसरी इतर बोटांकडे आहेत. तर्जनीकडे फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं कर, कारण सपाट बाजू मऊ असते आणि कडा टणक. सांध्याची घडी नेमकी तारेखाली आली की ती तार ठप्प वाजते, तेव्हा जोर वाढवू नकोस, बोट दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकव. आणि सुरुवात पाचव्या फ्रेटवर कर (५७७६५५, म्हणजे ए). तिथे तार मवाळ असते. स्वच्छ वाजली की एकेक फ्रेट खाली ये.

तरीही पहिल्या फ्रेटवर हात दुखत असेल तर दोष गिटारचा असू शकतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उंच राहते ते बघ. कागदाच्या जाडीइतकी फट ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर नटची (गळ्याच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) खाच उथळ आहे, आणि अशा गिटारवर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरच्या कॉर्ड्स जड तर जातातच, शिवाय चढ्या वाजतात. हे काम घरी कानशीनं करू नकोस. खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरायला लागते. बाराव्या फ्रेटवर सहावी तार साधारण २.५ मिलिमीटर आणि पहिली २ मिलिमीटर उंच असली की हाताला सोपी जाते. पावसाळ्यात लाकूड फुगून ही उंची वाढते. जुलैत एफ अचानक अवघड झाली तर ते यामुळे.

आता मला स्वतःला प्रिय असलेल्या काही. पहिली ई मायनर ॲड नाइन: ०२४०००. तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, करंगळी चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर. चौथ्या तारेवर एफ शार्प आणि शेजारी मोकळा जी, अर्ध्या स्वराच्या अंतरावर. सगळ्या तारा एकदम झटकू नकोस, एकेक तार छेड. त्या घासण्यातच तिचा सगळा जीव आहे. तशीच ए मायनरची बहीण ×०२४१०, तिथे बी आणि सी शेजारी येतात. मग ईचा आकार (०२२१००) उचलून पाचव्या फ्रेटवर ने, पण बारे (एका बोटानं अनेक तारा दाबणं) न धरता: ५७७६००. नंतर सातव्यावर: ७९९८००. वरच्या दोन तारा मोकळ्याच. आकार एकच, तरी प्रत्येक जागी त्या दोन तारांचा अर्थ बदलतो. बघ, इथेही वरचे सूर स्थिरच आहेत, पण खालचे तीन-चार एकदम सरकत असल्यामुळे कंटाळा येत नाही.

जॅझ वाजवणाऱ्यांचा हात वेगळ्या ठिकाणी जातो, आणि तो एकदा तरी तुझ्या हाताखालून जाऊ दे:

डी मायनर नाइन: ×५३५५×
जी थर्टीन: ३×३४५×
सी मेजर नाइन: ×३२४३×

वरच्या तीन तारांचाच हिशेब मांड. पहिल्या कॉर्डमध्ये चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारेवर एफ, सी, ई. दुसरीत एफ, बी, ई: फक्त सी अर्धा स्वर उतरून बी झाला. तिसरीत ई, बी, डी: आता एफ आणि ई उतरले, बी जागेवर. तीन कॉर्ड्समध्ये एकाही सुरानं उडी मारलेली नाही. कोणत्याही शैलीतली कॉर्ड बदलताना ही नजर ठेव: कोणता सूर थांबला, कोणता सरकला. ब्लूज आणि रॉकवाल्यांची ई सेव्हन शार्प नाइन (×७६७८×), जिला जिमी हेन्ड्रिक्सचं नाव चिकटलंय, तीही करून बघ. शुद्ध आणि कोमल दोन्ही गंधार एकाच कॉर्डमध्ये. साथीला फारशी उपयोगी नाही, पण कानाला धीट करते.

आता वहिनींचं गाणं. वहिनी काळी चार पट्टीत गातात असं लिहिलंयस. काळी चार म्हणजे जी शार्प, तेव्हा कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि आकार जीचे. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लाव, गरजेपेक्षा जास्त आवळू नकोस आणि लावल्यावर पुन्हा सुरात लाव, कारण तो तारा थोड्या चढवतोच. यापुढे मी आकारांच्याच नावानं बोलतो: जी म्हणजे सा.

यमनचे सूर मग जी, ए, बी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प. तीव्र मध्यम म्हणजे सी शार्प. आणि तुझा हात सवयीनं कुठे जातो? सी ॲड नाइनवर. तिचा पायाच सी, म्हणजे शुद्ध मध्यम. डी सेव्हनमध्ये सी आहे, ए मायनरमध्ये सी आहे. खटकतंय ते हेच. वहिनी तीव्र म लावतात आणि खालून तू शुद्ध म वाजवतोस. यमनसाठी या तीन कॉर्ड्स आणि साधी सी एवढ्या बाजूला ठेव. डी (साधी किंवा सस फोर), ई मायनर सेव्हन, बी मायनर सेव्हन (×२०२०२), ए मेजर (×०२२२०), ए सेव्हन सस फोर, सगळ्या चालतात. नी रे ग अशी जागा आली की डी किंवा बी मायनर सेव्हन हाताशी ठेव. मात्र आधी अंतरा नीट ऐक. पुष्कळ भावगीतं यमनकल्याणकडे झुकतात आणि एखाद्या जागी ग म ग असा शुद्ध मध्यम घेतात. तिथे सी जरूर दे, पण त्या जागेपुरतीच.

तीव्र मध्यमासाठी मात्र तुझी ती न हलणारी जोडीच कामाला येते. जी मेजर ३×००३३ अशी धर, पाचवी तार मधल्या बोटाच्या पोटानं बंद. यात बी नाही, म्हणजे गंधार नाही. फक्त सा आणि प, तंबोऱ्यासारखे. आता अनामिका आणि करंगळी दोन्ही एक फ्रेट मागे सरकव: ३×००२२. दुसऱ्या तारेवर प होता तो तीव्र म झाला, पहिलीवर सा होता तो नी झाला, आणि खाली सा-प तसेच घुमत राहिले. मनगट थोडं पुढे काढावं लागतं, कारण मधलं बोट तिसऱ्या फ्रेटवरच आहे. पुन्हा पुढे सरकवलीस की म वरून प, नी वरून सा. सवयीची बोटं, सवयीची जागा, फक्त एक फ्रेट. आणखी भरलेलं हवं असेल तर ३×२२२०: खाली सा, वर ध, रे, तीव्र म.

गंधार गाळायला सांगतोय त्याला कारण आहे. गिटारच्या फ्रेटवरचा मेजर थर्ड शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. हार्मोनियम सोबत असेल तर ती साधारण तशीच लावलेली असते, दोघांचं जमून जातं. पण नुसत्या तंबोऱ्यावर वहिनींचा ग शांतपणे खाली बसलेला असणार, आणि तुझा त्याच्या वर. म्हणून त्या गंधारावर थांबल्या की तू ३×००३३ वरच राहा आणि ग त्यांच्याकडे सोड. हा फरक मिटवायला दुसरी तार उतरवून जी मेजर गोड करून घेशील, तर दुसऱ्या तारेवर वाजणारा प्रत्येक सूर तेवढाच उतरेल आणि डी कॉर्डमधला वरचा डी, म्हणजे तुझा पंचम, बिघडेल. ट्यूनरवर जशी येते तशी राहू दे.

सरावाला मेट्रोनोम ६० वर ठेव आणि चार ठोक्यांना एक: ३×००३३, ३×००२२, ३×००३३, डी, ई मायनर सेव्हन, परत ३×००३३. शेवट नेहमी जीवर होईल याकडे लक्ष दे, कारण ए मेजर हाताशी आली की कान डीला घर समजायला लागतो, आणि सा तर जी आहे.

पट्टी काळी पाच ठरली तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर, बाकी सगळं हेच. तू स्वतः काळी दोनमध्ये गाणार असशील तर डीचे आकार घेऊन कॅपो पहिल्यावर. तिथे तीव्र मध्यमाची कॉर्ड ××०१२२, आणि रेवरची मेजर एका बोटात येते: ××०१००, खाली मोकळा सा. मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो आणि ठेका दादरा आहे की केरवा ते कळव, म्हणजे डाऊन आणि अप (हात खाली आणि वर मारण्याचे ठोके) कुठे टाकायचे ते लिहितो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश